बोर्डाला राहिलेली वायर

सत्यवानने फोन चालू केला तेव्हा दुपारचे दोन वाजून अठरा मिनिटं झाली होती. ही वेळ मला पक्की आठवते, कारण त्यानंतरचं एकेक मिनिट मी मोजलेलं आहे.

आम्ही दोघं सड्याच्या टोकाला एका काजूखाली उभे होतो. जांभ्या दगडाच्या त्या उघड्याबोडक्या माळावर नेटवर्क यायचं ते फक्त तेवढ्या जागी, तेही एका दांडीचं आणि सत्यवानच्या सिमच्याच कंपनीचं. बॅटरी पुरली पाहिजे म्हणून दोन दिवस त्याने फोन बंद ठेवला होता. आता साठलेले निरोप एकामागून एक येऊन आदळायला लागले. अंगठ्याने ते वर सरकवता सरकवता तो एकदम थांबला.

"हेमा," तो म्हणाला, "मूल आलंय."

मी फोन त्याच्या हातातून हिसकावूनच घेतला. तीन वर्षं चार महिने आम्ही दत्तकाच्या यादीत होतो. आमचा नंबर लागला होता. चौदा महिन्यांची मुलगी, मराठवाड्यातल्या एका संस्थेत. खाली तिचा फोटो. कपाळावर आडवं गंध, ओठ घट्ट मिटलेले, फोटो काढणाऱ्यावर चांगलीच रागावलेली. मी तिच्याकडे बघत राहिले आणि त्याखालची ओळ सत्यवानने वाचली. स्वीकार कळवायला अठ्ठेचाळीस तास. निरोप आला होता परवा दुपारी तीन चाळीसला.

"म्हणजे आज तीन चाळीसपर्यंत," मी म्हटलं.

"सव्वा तास आहे."

"एक तास बावीस मिनिटं." मी शाळेत गणित शिकवते. अशा वेळी तर मला जास्तच गणित येतं. मुदत हुकली की नाव यादीच्या तळाला, आणि पुन्हा नंबर लागेपर्यंत आम्हा दोघांच्या वयाची बेरीज नियमाबाहेर जाणार होती. ती बेरीज मी कितीतरी वेळा करून बघितली होती. ही मुलगी नाही तर कुठलीच नाही, इतका साधा हिशेब होता.

आता आम्ही त्या सड्यावर काय करत होतो ते सांगायला हवं. माझं सासर आंबेखोल, मालवणकडचं तीस-पस्तीस घरांचं गाव. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात तिथे गावपळण असते. तीन दिवस तीन रात्री अख्खं गाव घरं सोडून बाहेर पडतं. गुरं, कोंबड्या, कुत्री, आजारी माणसं, सगळ्यांना घेऊन वहाळाचा ओढा ओलांडायचा आणि हद्दीपलीकडच्या सड्यावर माडाच्या झावळांच्या झोपड्या बांधून राहायचं. चुली विझवायच्या, दिवे मालवायचे, आता वीज आलीय म्हणून मेन स्विचही पाडायचा. तेवढे दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी कौल झाल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. मला माहेरी कऱ्हाडला असलं काही माहीत नव्हतं, पण हे मला आवडायचं. कोल्हापूरहून आम्ही मुद्दाम सुट्टी काढून जायचो.

शिवाय आम्हाला जाणं भागच होतं. माझे सासरे, आत्माराम घाडी, हे गावाचे मानकरी. देवापुढे साऱ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं ते घाड्याने. हा मान त्यांच्या घरात सात पिढ्यांचा होता, आणि बाबांचा आवाज असा की देवळात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर काटा यावा. दत्तकाचं मात्र त्यांना आम्ही काही सांगितलेलं नव्हतं. "सांगू या गं, जरा वेळ बघून," असं म्हणत सत्यवानने तीन वर्षं काढली होती.

स्वीकाराचं पान फोनवर उघडलं. नाव, नंबर, सगळं भरून झालं. शेवटी पानाने आमची नवी आरोग्य प्रमाणपत्रं मागितली, कारण जुनी होऊन वर्ष उलटलं होतं. नवी आम्ही काढली होती, शाळेत स्कॅनही करून घेतली होती आणि ती होती माझ्या लॅपटॉपमध्ये. माझं नशीब एवढंच की तो लॅपटॉप सहामाहीचे गुण भरायला म्हणून मी बरोबर आणला होता.

मी झोपडीकडे धावत गेले आणि लॅपटॉप घेऊन आले. उघडला. बॅटरी अडतीस टक्के.

"हॉटस्पॉट लाव," मी म्हटलं.

"लावला."

लॅपटॉप मी काजूच्या बुंध्याला टेकवला आणि नेटवर्कची यादी उघडली. यादी रिकामी. थोडा वेळ थांबून पुन्हा उघडली. रिकामीच.

"तुझा नीट लागला नाही."

"लागलाय. हे बघ. हिरवं दिसतंय ना?"

दिसत होतं. फोन म्हणत होता मी हाक मारतोय, आणि हातभर अंतरावरचा लॅपटॉप म्हणत होता इथे कुणीच नाही. सत्यवानने हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावला. मी लॅपटॉपचं वायफाय बंद करून पुन्हा लावलं. फोन विमानाच्या मोडवर टाकून परत आणला. हॉटस्पॉटचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, फोनचं जाडजूड कव्हर काढून फेकलं. फोन थेट कीबोर्डवर ठेवला. लॅपटॉप बंद करून सुरू केला, तो रेंगाळत उघडला. चार मिनिटं गेली, बॅटरी एकतीस झाली, यादी तशीच रिकामी.

आमच्या कोल्हापूरच्या बिल्डिंगमध्ये वायफायची यादी उघडली की चौदा नावं दिसतात. ती दिसली असती तर लॅपटॉप धड आहे एवढं तरी कळलं असतं. इथे सड्यावर दिसायला दुसरं काही नव्हतंच. दोष फोनचा की लॅपटॉपचा, हेच कळायला मार्ग नव्हता.

"फोनवरूनच चढवू," सत्यवान म्हणाला. "स्क्रीनवर प्रमाणपत्र उघड, मी फोटो काढतो."

फोटो काढला, चढवला. पानाने लाल अक्षरात सांगितलं, फक्त पीडीएफ. फोटोची पीडीएफ करणारं अ‍ॅप उतरवायला घेतलं, ते सात टक्क्यांवर जाऊन बसलं ते बसलंच. मदतीच्या नंबरवर फोन केला. रविवार होता, तिथे फक्त गाणं वाजत होतं.

"मी बाइकने बाजारात जातो. लॅपटॉप दे, सायबर कॅफेत..."

"एक ते चार तुमचा अख्खा बाजार झोपतो," मी ओरडले. "देव सुद्धा उठवू शकणार नाही त्यांना!"

खरं होतं ते.

शेजारच्या झोपडीत बाबलो परब होता, माडांवर चढून नारळ उतरवणारा. त्याला सत्यवानने झोपेतून उठवलं. माझ्यासकट बाकी कुणाच्या फोनमध्ये धुगधुगी उरलेली नव्हती. तीन दिवस सगळ्यांनी व्हिडिओ काढले होते. बाबल्याच्या फोनमध्ये तीन टक्के होते. त्याच्या फोनला इथे नेटवर्क नव्हतं, पण हॉटस्पॉट तर लागेल, लॅपटॉपला तो दिसतो का एवढं तरी बघू, असं मी म्हटलं.

आणि दिसला! लॅपटॉपच्या यादीत त्याच्या फोनचं नाव उमटलं. मी आनंदाने किंचाळले. म्हणजे लॅपटॉप शाबूत होता.

"मगे माझो फोन घेवा," बाबलो म्हणाला. "सिम बदला तेच्यात."

सत्यवानने माझ्या साडीची सेफ्टी पिन मागितली. मी ती काढेपर्यंत बाबल्याच्या फोनचा पडदा काळा झाला. त्याने दोनदा बटण दाबलं, फोन हातावर आपटला, आणि आमच्याकडे असं बघितलं जणू चूक त्याचीच होती.

"चार्ज करूया. लॅपटॉपवर होईल," मी म्हटलं. "वायर?"

सत्यवानने खिसे चाचपले.

"सत्यवान, वायर कुठे आहे?"

"घरी. बोर्डाला."

"बाबल्या, तुझी?"

"ती पण घराकच असा, वयनी. हंय लाइट खंय असा? चार्जर आणून काय करतलंव?"

सगळ्या गावाने हाच विचार केला होता. सड्यावर वीज नाही, मग चार्जर कशाला वाहायचा? पस्तीस घरांतले चार्जर आपापल्या बोर्डांना लटकत होते आणि त्यांच्या वायरी त्यांच्याबरोबर.

"हेमा," सत्यवान हळूच म्हणाला, "वायर असती तर हॉटस्पॉटही नको होता. फोनचं इंटरनेट सरळ वायरीतून लॅपटॉपला देता येतं."

दोन वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती. काजूखालून आमच्या घराचं कौलारू छप्पर दिसत होतं. माडांमागे, वहाळाच्या पलीकडे, चालत दहा मिनिटांवर. मी चपला पायात सरकवल्या.

"हेमा, नको."

"तू इथेच थांब. फोन सोडू नकोस."

"बाबा हद्दीवर बसलेत!"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. सड्याची ती उतरती पायवाट मी कशी उतरले माझं मला माहीत. जांभ्या दगडाने बोट सोललं ते मला नंतर कळलं.

वहाळ आला की हद्द लागते. तिथे एका चिऱ्यावर बाबा बसले होते. अंगात बंडी, कमरेला पंचा, हातात काठी. तिन्ही दिवस ते दुपारचे तिथेच बसायचे. कुणी राखण करायला सांगितलं नव्हतं, पण आपण मानकरी, तेव्हा आपण बसायचं, असा त्यांचा खाक्या.

"खंय चललंस गो?"

"घरी. पाच मिनिटांत येते, बाबा. मला अडवू नका."

ते उभे राहिले. उंच माणूस, सत्तरी उलटलेली, तरी वाट अडवायला त्यांना हात पसरावे लागले नाहीत.

"गाव बंद असा."

"माहीत आहे मला. एक वायर आणायची आहे."

"वायर?" त्यांना वाटलं मला उन्हाची भोवळ आली असावी. "उद्या सकाळी कौल झालो की आण. आज भितुर कोण जावूचा नाय."

मग मी सगळं सांगितलं. तीन वर्षांत सत्यवानला जी योग्य वेळ सापडली नव्हती ती मी वहाळाच्या काठावर दोन मिनिटांत उरकली. मूल होत नाही, होणार नाही, यादीत नाव घातलंय, नंबर आलाय, तीन चाळीसला संपतंय, हॉटस्पॉट दिसत नाही, वायर घरी आहे. मी रडत होते की ओरडत होते ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा वाचणं मला कधीच जमलं नव्हतं.

"चेडू काय झील?" त्यांनी विचारलं.

"मुलगी आहे."

"केवढा?"

"चौदा महिन्यांची."

"आणि आवस?"

"आई नाही तिला, बाबा. म्हणून तर!"

ते वहाळाकडे बघत उभे राहिले. मला प्रत्येक सेकंद टोचत होता. मी त्यांच्या बाजूने निसटायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली.

"ऐक माझा. तू या गावची सून. घाड्याची सून. तू भितुर गेलंस तर मी गावाक काय सांगू? देवाक काय सांगू? उद्या कौल घेताना माझ्या तोंडातसून शब्द येतलो?"

"तुमचा देव एका वायरीने बाटतो का?"

आयुष्यात मी त्यांना उलटून बोलले ते त्या दिवशी, आणि बोलले तेही असं. वर आणखी एक वाक्य बोलले. "रक्ताचं नातवंड नाही म्हणून तुम्हाला नकोच असेल ती. तसं सरळ सांगा."

बाबांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "कसली वायर ती? कशी दिसता?"

"पांढरी. एका टोकाला चपटं तोंड, दुसऱ्या टोकाला बारीक. फोनची." मी डोळे पुसत सुटले. "काय करायचंय तुम्हाला ऐकून?"

"तू मागे जा. हंय उभी रवू नको."

मी मागे फिरले. आणखी काय करणार होते? त्यांना ढकलून जायची ताकद माझ्यात होती, हिंमत नव्हती. त्यासाठी आजवर मी स्वतःचा फार राग करत आले. वर चढताना एकदा वळून पाहिलं तर ते पुन्हा चिऱ्यावर बसले होते, पाठ माझ्याकडे करून.

काजूखाली सत्यवान अजून फोनशी झटत होता. त्याने फोनच्या नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग पुसून नव्याने लावल्या होत्या. मी लॅपटॉपमध्ये दोष शोधणारा प्रोग्राम चालवला. प्रोग्रामने बराच वेळ विचार करून सांगितलं की कोणतीही अडचण आढळली नाही. मला हसूच आलं. वायफायचा भाग काढून पुन्हा बसवला. यादी रिकामी. तीन वाजून बारा. कऱ्हाडला भावाला फोन लावला, तो एका लग्नाच्या पंगतीत होता. "ताई, मोठ्याने बोल," एवढंच तो म्हणत राहिला. त्याला तरी काय सांगणार होते? प्रमाणपत्रं त्याच्याकडे नव्हतीच. बॅटरी सतरा टक्के.

"सोडून देऊ या का?" सत्यवान म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. फोनवर त्या मुलीचा फोटो उघडला आणि मनात तिला म्हटलं, बाई, आम्ही इथे आहोत, तू कुठे जाऊ नकोस. हे मी हात जोडून म्हटलं. कुणापुढे जोडले ते माझं मलाच माहीत नव्हतं.

तीन वाजून चोवीस मिनिटांनी बाबा आले. वहाळाच्या वाटेने नव्हे, वरच्या अंगाने, पलीकडच्या गावाकडून. धाप लागली होती, पंचा गुडघ्यापर्यंत ओला होता. त्यांनी बंडीच्या खिशातून वायर काढली. पांढरी, एका टोकाला चपटं तोंड.

"हीच मां?"

"कुठून आणलीत?" सत्यवान ओरडला.

"वयल्या गावात शाळेचो मास्तर रवता. तेची." ते खाली बसले. "आता बोला नको. काय ता करा."

पलीकडच्या गावातला मास्तर आम्हाला का सुचला नाही, असं मनात येऊन गेलं, पण तिथे विचार करायला वेळ कुणाला होता? वायर लावली. फोनने विचारलं, इंटरनेट वायरीतून द्यायचं का? हो म्हटलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक चिन्ह फिरायला लागलं, फिरत राहिलं, आणि जोडणी झाली.

तीन एकतीस. पान उघडलं. तीन चौतीस, पहिलं प्रमाणपत्र चढलं. दुसरं अर्ध्यावर अडकलं. बॅटरी सहा टक्के. बाबा जमिनीकडे बघत बसले होते, ओठ हलत होते. तीन छत्तीस, दुसरं चढलं. फोनवर आकडे आले, सत्यवानने ते वाचले, मी चुकीचे दाबले, त्याने पुन्हा वाचले. तीन अडतीसला पान हिरवं झालं. आपला स्वीकार नोंदवला आहे.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. सत्यवानही रडला. बाबांनी थोडा वेळ आम्हाला तसं राहू दिलं. मग उठले, लॅपटॉप आणि फोनमधून वायर स्वतः उपटली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"जेची तेका देवक व्हयी," म्हणाले आणि निघून गेले.

वागायला किती चोख माणूस, असं तेव्हा मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी कौल झाला. आधी बाबा आत गेले, घराचं दार त्यांनी उघडलं, मेन स्विच वर केला, आणि मग आम्ही. तीन आठवड्यांनी आम्ही शाल्मलीला घरी आणलं. कोल्हापुरात मोबाइलच्या दुकानदाराला मी तो किस्सा रंगवून सांगितला. तो हसला. म्हणाला, "मॅडम, हा नवा फोन हॉटस्पॉट पाचच्या बँडवर सोडतोय. तुमचा जुना लॅपटॉप फक्त दोन पॉइंट चार ओळखतो. समोर ठेवला तरी दिसणार नाही." त्याने चारदा बोट टेकवलं, एका ओळीच्या जागी दुसरी ओळ निवडली, आणि माझ्या लॅपटॉपवर सत्यवानच्या फोनचं नाव उमटलं. एवढंच होतं ते. आम्हीही हसलो.

त्याच पौषात आंबेखोलात गावाची बैठक झाली आणि बाबांनी मान सोडला. देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, माझा आवाज आता पोचत नाही, यापुढे गाऱ्हाणं माझा चुलतभाऊ पुंडलिक घालील. गाव चकित झालं. आवाजाला काही झालेलं नव्हतं. अंगणातून हाक मारली तर ती वहाळापलीकडे ऐकू यायची. मान बापाकडून मुलाकडे जातो, सत्यवानकडे यायचा, आणि त्याच्यानंतर शाल्मलीकडे बघितलं गेलं असतं. सात पिढ्या जपलेली गोष्ट त्यांनी हसत दुसऱ्याच्या ओंजळीत टाकली, ती आमच्या घरी मुलगी आली त्याच महिन्यात. याचा अर्थ काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी सत्यवानला म्हटलं, "वायर आणून दिली म्हणून मी त्यांना देव समजले. मनात होतं ते बाहेर आलं बघ."

"तसं नसेल गं," तो म्हणायचा. दुसरं काही त्याला सांगता यायचं नाही, कारण त्यालाही माहीत नव्हतं.

सहा वर्षं मी बाबांशी कामापुरतं बोलले. चहा द्यायचे, नमस्कार करायचे, औषधांची चौकशी करायचे. शाल्मलीवर ते जीव टाकायचे, ते मला दिसत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. देवळात मात्र ते सगळ्यात मागे, खांबाजवळ उभे राहायचे आणि पुंडलिककाकांचं अडखळतं गाऱ्हाणं मान खाली घालून ऐकायचे. आपल्या हट्टापायी स्वतःलाही असं सोलून घेणारा हा माणूस मला अजिबात कळायचा नाही.

मध्ये एक गावपळण झाली. तिच्यानंतरच्या गावपळणीला शाल्मली सात वर्षांची होती. सड्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी झोपडीत पडले होते. झावळांच्या कुडापलीकडे सावलीत आजोबा आणि नात बसली होती. ती त्यांना एकामागून एक प्रश्न विचारत होती. तिचा तो धंदाच आहे.

"आजोबा, पुंडलिक आजोबांना सगळं आठवत नाही. बाबलोकाका म्हणाले की तुम्ही पूर्वी गाऱ्हाणं घालायचात, आणि तुम्हाला सगळं पाठ होतं."

"होता."

"मग आता का घालत नाही?"

मला वाटलं विषय बदलतील.

"गावाक सांगशीत?"

"नाही. आईशप्पथ."

"एकदा गाव बंद असताना मी भितुर गेलंय. लपान, कोणाक कळूक नाय. जो भितुर गेलो, तेणा देवाम्होरे गावासाठी तोंड उघडूचा नसता. दुसऱ्या दिवशी कौल घेतलंय तो शेवटचो. तेच्यात पण माझो आवाज कापत होतो."

मी उठून बसले. कुडाच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती, तशीच, माझ्याकडे केलेली. वरच्या गावात तेव्हा मास्तर राहत तरी होता का, हे सहा वर्षांत मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. आणि बोटाने चारदा टेकवायची ती ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. ती ओळ तेव्हा आम्हाला माहीत असती तर या माणसाला आपल्या चिऱ्यावरून उठावं लागलं नसतं. हे त्यांना सांगायचं नाही, कधीच नाही, एवढं मी तिथल्या तिथे ठरवलं.

"पण तुम्ही कशाला गेलात आत?" शाल्मलीने विचारलं.

"तुका आणूक."

"मी घरात होते?"

"नाय. पण वाट थयसून होती."

तिने थोडा विचार केला. "मग देव रागावला का?"

"रागावलो असतलो," बाबा म्हणाले. "पण तू इलंस ना."